ओट्यावर मोहोळ उठलं तेव्हा

होळी झाली की येणारा पहिला रविवार आमचा तिघींचा असायचा. बी.एड.च्या वसतिगृहात एका खोलीत राहिलेल्या आम्ही तिघी. पुढे एकीचं लग्न काटोलच्या संत्रा बागायतदाराच्या घरी झालं आणि ती तिथल्याच शाळेत शिकवू लागली. दुसरीनं नोकरी सोडून नवऱ्यासोबत नागपुरातच जरीपटक्याला कापडाचं दुकान थाटलं. मीही नागपुरातच, एका शाळेत. दोघींची नावं लिहीत नाही. काटोलवाली आणि जरीपटक्याची एवढंच म्हणते. आम्ही एकमेकींना चिडवतानाही असंच म्हणायचो.

काटोलच्या पुढे अर्ध्या तासावर एक खेडं आहे आणि खेड्यामागे सातपुड्यापासून सुटून पडल्यासारखी एक टेकडी. वर, कड्याच्या अगदी टोकाशी, काळा सपाट दगड आहे. घरापुढच्या ओट्याएवढा, म्हणून आम्ही त्याला ओटाच म्हणायचो. तिथे बसलं की खाली तलावाचं पाणी दिसतं, संत्र्याच्या बागांचे गडद हिरवे चौकोन दिसतात, आणि मधल्या उघड्या रानात पळस पेटलेला असतो. सागाची पानं तोवर गळालेली असतात, त्यामुळे नजर अडत नाही. वर्षातून एकदा तिथे जाऊन बसायचं, डबे खायचे, घरच्यांबद्दल मनसोक्त बोलायचं आणि उतरायचं. मुलं लहान होती तेव्हापासूनचा हा नेम. ओट्याच्या खालच्या कपारीत आग्या माश्यांची मोहोळं लटकलेली असायची. आम्हाला ती माहीत होती. आम्ही त्यांना कधी त्रास दिला नाही, त्यांनी आम्हाला नाही.

तीन वर्षांपूर्वी जरीपटक्याचीचा यायचा विचार नव्हता. दुकानात दिवसभर उभं राहून तिचा उजवा गुडघा गेला होता. सीताबर्डीहून बस धरायच्या आदल्या दिवशी तिनं फोन केला.

"मी नाही येत वं यंदा. जिना चढता चढता जीव जाते माझा, टेकडी कुठून चढू?"

"हळूहळू चढू न. आम्ही आहोत ना दोघी," मी म्हटलं. "मी तुझा हात सोडणार नाही."

हे शब्द मीच बोलले होते.

काटोलवाली बसस्टँडवर सांभारवडीचा डबा आणि पिशवीभर संत्री घेऊन उभी होती. ऑटोनं खेड्यापर्यंत गेलो. पायथ्याच्या मोहाच्या झाडांखाली एक म्हातारं जोडपं टोपल्यांत फुलं वेचत होतं. सगळीकडे तो गोड, जड वास भरून राहिला होता. एरवी तासाभरात होणारी चढण त्या दिवशी दोन तास चालली. मी खरंच तिचा हात धरला होता. दर वळणावर ती बसायची, गुडघा चोळायची आणि "तुम्ही जा, मी इथंच बसते" म्हणायची. काटोलवाली तिला ओरडून उठवायची. वर पोहोचलो तेव्हा ती रडली. तिला दुखत होतं म्हणून नव्हे. "मला वाटलं आता हे दिसणार नाही," एवढंच म्हणाली आणि पळसाकडे बघत बसली.

जेवण झालं. जरीपटक्याची ओट्यावर पाय लांब करून बसली होती. काटोलवाली डबे भरत होती. मी बसायला अंथरलेली जाड सोलापुरी चादर झटकून घडी घालायला हातात घेतली. तेवढ्यात एक घार कड्याला अगदी घासून गेली. पुन्हा वळून आली. तिसऱ्यांदा ती कपारीत शिरल्यासारखी दिसली आणि खालून एक आवाज उठला. दूरवर ट्रक घाटात चढत असावा तसा. आवाज वाढत गेला आणि मग कड्याच्या कडेवरून काळं काहीतरी वर आलं.

पहिली माशी माझ्या कानामागे चावली. दुसरी मनगटावर. आणि मी पळाले.

हे वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली. मी विचार केला नाही, मागे पाहिलं नाही. आलो त्या वाटेनं न जाता सरळ उतारावरून, सागाच्या वाळलेल्या पानांवरून घसरत, काट्यांतून, कोरड्या नाल्यापर्यंत गेले. नाल्याच्या काठाला पावसाच्या पाण्यानं कोरलेला खळगा होता, त्यात अंग मुडपून बसले आणि डोक्यावरून पायापर्यंत चादर ओढून घेतली. तिघींपुरती मोठी होती ती. तिच्या आत अंधार होता आणि माझा श्वास होता. बाहेर दोनचार माश्या घोंघावत होत्या, मग त्याही गेल्या. मी तरी उठले नाही. किती वेळ ते सांगता येत नाही. पंधरा मिनिटं असतील, जास्तही असतील.

मोह वेचणाऱ्या म्हाताऱ्यानं मला शोधलं. पानांवरून कोणी घसरत गेल्याचा आवाज त्यानं खालून ऐकला होता.

"बाई, मोहोळ उठलं का जी? तुमच्यासंगच्या दोघी कुठं आहेत?"

मी वर बोट दाखवलं. त्यानं डोक्याचा दुपट्टा सोडून तोंडाला गुंडाळला, ओल्यासुक्या पानांचा भारा पेटवून धूर केला आणि चढू लागला. त्याची बायको मागून दुसरा भारा घेऊन आली. मी त्यांच्या मागे गेले. अंतर ठेवून गेले, हेही लिहून ठेवते.

ओट्यापासून वीसेक पावलांवर दोघी होत्या. जरीपटक्याची पालथी पडलेली, तोंड जमिनीत खुपसलेलं. तिच्यावर काटोलवाली. तिनं आपली ओढणी खालचीच्या डोक्याला आणि मानेला गुंडाळली होती आणि स्वतःच्या अंगानं तिला झाकून टाकलं होतं. काटोलवालीची मान, पाठ, कान, हात माश्यांच्या काट्यांनी भरले होते. चेहरा सुजून डोळे दिसेनासे झाले होते. म्हाताऱ्याच्या बायकोनं तिच्या मानेवरचे काटे नखानं खरवडायला सुरुवात केली, थोड्या वेळानं ती थांबली आणि म्हणाली, "हे आपल्या हातचं काम नाही, उचला."

गावातल्या माणसांनी खाटेवरून तिला खाली आणलं. तालुक्याच्या दवाखान्यात इंजेक्शनं दिली, सलाइन लावलं आणि लगेच नागपूरला पाठवलं. अॅम्ब्युलन्समध्ये मी तिच्या पायाशी बसले होते. ती मधूनमधून ओकत होती आणि विचारत होती, "ती कशी आहे? तिला किती चावल्या?" जरीपटक्याचीला आठदहा डंख होते. मला दोन.

काटोलवाली सहा दिवस अतिदक्षता विभागात होती. विषानं मूत्रपिंडावर परिणाम झाला होता. दोनदा डायलिसिस करावं लागलं. बाहेरच्या बाकावर तिचे यजमान दिवसभर बसून असायचे. अबोल माणूस. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी धोका टळला म्हणून सांगितलं तेव्हा ते उठून माझ्याकडे आले आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"ताई, तुम्ही धावत जाऊन माणसं आणली म्हणून ती वाचली. एवढ्या माश्यांत दुसरं कोणी असतं तर घाबरून गेलं असतं."

हे त्यांना कोणी सांगितलं, मला माहीत नाही. कोणी सांगायची गरजही नव्हती. मी खाली होते, माणसं वर आली, माझ्या मागोमाग सगळ्या गोष्टी नीट झाल्या. बघणाऱ्यानं असंच जुळवलं असतं. जरीपटक्याची बाकावर माझ्या शेजारी बसली होती. ती काही बोलली नाही. मी फक्त मान खाली घातली, आणि त्यांना तो माझा विनय वाटला.

मग ही गोष्ट पसरली. नातेवाइकांत, शेजारात, आमच्या शाळेत. मुख्याध्यापिकेनं मला प्रार्थनेनंतर मुलांसमोर बोलायला लावलं. विषय दिला, प्रसंगावधान. मी नाही म्हणू शकले असते. त्याऐवजी मी उभी राहिले आणि सांगितलं की संकटात घाबरू नये, मदत आणायला जावं. शेवटी मुलांनी टाळ्या वाजवल्या. सातवीतल्या एका मुलीनं मधल्या सुट्टीत येऊन विचारलं, "बाई, तुम्हाला मैत्रिणींना सोडून जाताना कसं वाटलं?" मी तिला वर्गात जायला सांगितलं.

त्या दिवसापासून मला नीट जेवण जाईना. पुढच्या वर्षी होळीला आम्ही टेकडीवर गेलो नाही. कोणीच विषय काढला नाही. त्यानंतरच्या माघात मी एकटीच काटोलला गेले. काटोलवाली अंगणात बसली होती. बागेत बहार आला होता, पांढऱ्या फुलांचा वास घरभर होता. तिच्या मानेवर काळपट डाग राहून गेले आहेत, ते त्या उन्हात स्पष्ट दिसले.

मी चहा खाली ठेवला आणि सांगून टाकलं. "मी मदत आणायला नव्हती गेली. मी पळाली होती. चादर घेऊन पळाली. खळग्यात लपून बसली होती. तो म्हातारा आपणहून आला."

ती शेंगा सोलत होती. सोलत राहिली.

"माहीत आहे मले," ती म्हणाली. "मी पाहिलं न तुले जाताना."

"मग तू कधी बोलली काहून नाही?"

"का बोलू? तुझ्या तोंडून निघते का नाही, ते पाहून राहिली होती."

मी रडायला लागले. तिनं मला जवळ घेतलं नाही, थांबवलंही नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मले मोठी करू नको वं तू. मीबी पळाली असती. उठलीच होती. त्या जरीपटक्याचीनं माझा कुर्ता धरून ठेवला होता, असा गच्च, सोडवता सोडवेना. मग म्हटलं, आता पडा इथंच."

हे खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून ती बोलली, हे मला आजही कळलेलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही. तिचे यजमान शेतातून आले तेव्हा मी त्यांनाही सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि हात धुवायला गेले. आता ते पूर्वीसारखे "ताई" म्हणून हाक मारत नाहीत. भेटले की नमस्कार करतात. ते बरोबरच आहे.

शाळेत मुलांना मात्र मी खरं सांगू शकले नाही. ज्या मुलीनं प्रश्न विचारला होता ती दहावी होऊन जाईल; तिला एकदा गाठायचं आहे.

या वर्षी होळीनंतर काटोलवालीनंच फोन केला. "चाला, जाऊ." आम्ही गेलो. ओट्यावर चढायची जरीपटक्याचीच्या गुडघ्यात ताकद उरलेली नाही, म्हणून ती मोहाखाली बसली. मी तिच्यासोबत थांबले. काटोलवाली एकटी वर गेली. सागांच्या उघड्या फांद्यांतून तिचा निळा कुर्ता बराच वेळ दिसत राहिला.

आम्ही दोघी त्या घटनेबद्दल कधीच बोललो नव्हतो. मी काटोलवालीला काय सांगितलं ते तिच्या कानावर गेलं असणार, हे मला ठाऊक होतं. फुलं टपटप पडत होती. ती एक एक उचलून मांडीवर ठेवत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक विचारू? मी तुले हाक मारली होती. दोनदा. नाव घेऊन. ऐकू आली होती का तुले?"

ही गोष्ट मी काटोलवालीलाही सांगितली नव्हती. वरही लिहिली नाही. आवाज फार होता, वारा होता, असं काहीही म्हणता आलं असतं.

"आली होती," मी म्हटलं. "दोन्ही वेळा."

तिनं मान हलवली. मांडीवरची फुलं तिनं तशीच राहू दिली. ऊन चढत होतं, आणि वर काटोलवाली ओट्याच्या टोकाशी उभी होती, बहुधा तलावाकडे बघत.

"पाणी दे वं," शेवटी ती म्हणाली. मी बाटलीचं झाकण काढून तिच्या हातात दिली. ती प्यायली आणि गुडघा सरळ करायला तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.