फ्यूजच्या जागी तार

माझी मुलगी तिसरीत असताना तिच्या शाळेच्या व्हॅनमध्ये एक एसीची जागा होती. म्हणजे असं ती सांगायची. मागच्या सीटच्या पाठीमागे एक पत्र्याची पेटी होती, तिच्यावर रेक्झिनची गादी. दुपारी घरी येताना त्या पेटीला पोटऱ्या टेकवल्या की गार लागायचं. एप्रिलच्या उन्हात सात मुलं त्या जागेसाठी भांडायची, म्हणून काकांनी पाळ्या लावून दिल्या होत्या. मी हे दोन-तीनदा ऐकलं आणि पोळ्या लाटत राहिले. भर उन्हात पत्रा गार का लागावा, हा प्रश्न मला पडला नाही. नोकरी मात्र माझी चुका शोधण्याची होती. हिंजवडीतल्या एका कंपनीत मी दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर तपासायचे आणि ते कुठे मोडतं हे शोधून काढायचे. त्याचाच मला पगार मिळायचा.

आम्ही विश्रांतवाडीत राहायचो. शतक बदलून दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्या इमारतीतली निम्मी माणसं सकाळी कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या बसमागे धावत असायची आणि उरलेली रात्रपाळी करून परतत असायची. माझा नवरा त्या वर्षी कंपनीच्या कामासाठी परदेशात होता. शाळेची व्हॅन नसती तर आमच्यासारख्या पाच-सहा घरांचं गाडं एका दिवसात बंद पडलं असतं.

व्हॅन चालवणाऱ्या काकांची भोसरीतली फॅक्टरी बंद पडली होती. तेव्हा हातात आलेल्या पैशांतून त्यांनी ही गाडी घेतली. लोहगावकडचा माणूस. सहा चाळीस म्हणजे सहा चाळीस. मुलांना रस्ता ओलांडून देणार, कुणाचा डबा राहिला तर परत येऊन घेऊन जाणार, एखाद्याला ताप असेल तर दारापर्यंत उचलून आणून सोडणार. त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती आणि माझीही नव्हती. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून ते दुष्ट वाटतील. ते तसे नव्हते.

एका सकाळी व्हॅन आमच्या फाटकाशी आली आणि तिथेच बंद पडली. हॉर्न वाजेना, इंडिकेटर लागेना, गाडी सुरूच होईना. मुलं आत बसलेली, माझी मुलगी नुकतीच चढलेली, आणि काका स्टिअरिंगखाली हात घालून काहीतरी चाचपत होते. मी म्हटलं, फ्यूज गेला असेल, थांबा. माझी स्वतःची जुनी गाडी मला दोनदा अशीच रस्त्यात सोडून बसली होती, तेव्हापासून मी फ्यूजचं एक पाकीट आणि भुवया कोरायचा चिमटा डॅशबोर्डच्या खणात ठेवायचे. या कामाला डोकं लागत नाही. किल्ली बंद करायची, फ्यूजच्या डबीचं झाकण काढायचं, चिमट्याने एकेक फ्यूज ओढून उजेडात धरायचा. रंगीत प्लास्टिकमधून आतली बारीक पट्टी दिसते. ती तुटलेली असली की त्याच आकड्याचा दुसरा बसवायचा. त्याच आकड्याचा, एवढंच लक्षात ठेवायचं.

काका म्हणाले, "राहू द्या ताई, मी बघतो." मी पाकीट घेऊन आले तरी ते जागचे हलेनात. शाळेची वेळ होत होती, म्हणून मी त्यांना जरा दटावूनच बाजूला केलं.

डबीत दुसऱ्या ओळीत एका जागी फ्यूजच नव्हता. त्या दोन खाचांत तांब्याच्या तारेचा पीळ खुपसलेला होता. आमच्या लहानपणी घरच्या मीटरजवळच्या फ्यूजला लोक घालायचे तसा, पण त्याहून जाड. तार काळी पडून एका टोकाला सुटली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंचं प्लास्टिक चहाच्या रंगाचं झालं होतं. झाकणाच्या आतल्या बाजूला तिथे पंधराचा आकडा लिहिलेला होता. मी तार काढली, पंधराचा निळा फ्यूज बसवला आणि किल्ली फिरवायला सांगितली. टिक असा आवाज आला आणि फ्यूज गेला. दुसरा बसवला, तोही गेला.

याचा अर्थ मला कळत होता. कुठेतरी वायर सोलली गेली होती आणि गाडीच्या पत्र्याला टेकत होती. तसं झालं की फ्यूज जळणारच, त्याचं कामच ते. त्याच्या जागी तार घातली की फ्यूज जळायचं थांबतं आणि दुसरं काहीतरी तापायला लागतं.

मी विचारलं, या जागेवरून आणखी काय जोडलंय? आणि डॅशबोर्डखालून निघालेली लाल वायर हाताने धरली आणि तिच्या मागे गेले. ती मॅटखालून, मुलांच्या पायांखालून मागे गेली होती. मागच्या सीटपाशी दप्तरांनी घासून तिचं आवरण निघालं होतं. तिथून ती पत्र्याच्या पेटीत शिरत होती. मी पेटीला हात लावला. गार होती, आणि ओलसरही. मुलांना थोडं सरकवून रेक्झिनची कड उचलली. आत आमच्या ओट्याखाली असतो तसलाच लाल सिलिंडर आडवा ठेवलेला होता आणि वायर त्याच्या नळीवरच्या झडपेला जोडलेली होती. गाडी पेट्रोलऐवजी चोरून घरगुती गॅसवर चालत होती. हवा गार करणारं तिथे काही नव्हतं. गॅस बाहेर पडताना सिलिंडर थंड होतो, आणि मुलं त्यालाच पाय टेकवून बसत होती.

काकांनी मला थोडं लांब नेलं आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, समद्या गाड्यांमधी हाय हे. मी एकटा न्हाई. कुणाला बोलू नका."

मग असली गाडी गॅरेजमध्ये का दाखवत नाही, असं मी विचारलं. त्यांनी मान वळवून पेटीकडे बघितलं. गॅरेजमध्ये नेली तर पेटी उघडावी लागणार, हे माझ्याही लक्षात आलं. वायर दुरुस्त होत नव्हती ती एवढ्यासाठीच.

मी मॅट उचलून वायर पत्र्यापासून बाजूला केली, तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळली आणि तिसरा फ्यूज बसवला. हा टिकला. गाडी सुरू झाली. तेव्हा मी माझ्या मुलीला खाली उतरवलं आणि आज मी सोडते म्हणाले. त्या दिवशी एसीच्या जागेवर तिची पाळी होती. ती रडायला लागली. बाकीची सहा मुलं घेऊन व्हॅन आळंदी रस्त्याला लागली आणि मी ती वळेपर्यंत बघत उभी राहिले.

त्या सहांमध्ये दोन मुलं दुसऱ्या मजल्यावरच्या शेजारणीची होती. ती कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करायची. सहाला घरी यायची, मुलांना उठवून, तयार करून व्हॅनमध्ये बसवायची आणि मग झोपायची. आम्ही एकमेकींच्या घराच्या किल्ल्या सांभाळत होतो. संध्याकाळी ती वर आली तेव्हा तिने सहज विचारलं, हिला का उतरवलंस गं? मी म्हटलं, आजी आलीय ना नागपूरहून, तिला हौस आहे नातीला शाळेतून आणायची. आई खरंच आलेली होती. हौसेचं मी बनवलं.

खोटं का बोलले, हे तेव्हा मी स्वतःला पुष्कळ चांगल्या शब्दांत समजावलं. व्हॅन बंद झाली तर या बाईने झोपायचं कधी, काकांनी खायचं काय, घाबरवून काय मिळणार. त्यातलं खरं कारण एकच होतं. आई मे महिन्याच्या शेवटी परत जाणार होती आणि जूनमध्ये मला ती व्हॅन पुन्हा लागणार होती. काकांशी वाकडं घ्यायला मी तयार नव्हते.

मग मी एक मधला मार्ग काढला. रोज सकाळी सहा चाळीसला खाली जायचं आणि व्हॅनचे फ्यूज तपासायचे. दुसऱ्या दिवशी डबी उघडली तर निळा फ्यूज गायब आणि तार पुन्हा हजर. कुठल्याशा खड्ड्यात वायर टेकली असणार, फ्यूज गेला असणार आणि काकांनी खिशातली तार काढली असणार. मी तार काढली, नवा फ्यूज बसवला, त्यांना बोलले. ते म्हणाले, "हो ताई." तिसऱ्या दिवशी परत तार. मी नाना पेठेतून पंधराच्या फ्यूजचं आख्खं पाकीट आणून त्यांना दिलं, चिकटपट्टीचं रीळ दिलं. चौथ्या दिवशी तार आणखी जाड होती.

पाचव्या दिवशी डबीतून वास आला. जळक्या रबराचा, पण गोडसर. मी काकांना विचारलं तर त्यांना येत नव्हता, किंवा येत नाही म्हणाले. मुलं आत हसत-खिदळत होती. शेजारीण गाऊनवर ओढणी घेऊन उभी होती. मला म्हणाली, "काकांनी तुला पगार द्यायला पाहिजे खरं तर." मी हसले आणि फ्यूज बसवला.

हे असं नऊ दिवस चाललं. रोज मी सहा मुलांना माझ्या हाताने बसवलेल्या फ्यूजवर रवाना करायचे आणि तो शाळेपर्यंत टिकणार नाही हे मला माहीत असायचं. मग वर येऊन स्वतःच्या मुलीला माझ्या गाडीत घालून शाळेत सोडायचे. वाटेत कधी व्हॅन पुढे दिसायची. मी तिच्या जवळ जात नसे. मागच्या काचेत दोन डोकी दिसायची, पेटीवर बसलेली. माझी मुलगी त्यांना हात हलवायची आणि मी वेग आणखी कमी करायचे. ऑफिसमध्ये दुपारी साडेबाराला, व्हॅन सुटायच्या वेळेला, माझं लक्ष घड्याळाकडे जायचं. पाऊण वाजता आईला फोन करून मुलगी आली का विचारायचे, आणि मग, फाटकाशी व्हॅन आली का, हेही. आईला दुसऱ्या प्रश्नाचं नवल वाटायचं.

दहाव्या दिवशी ऑफिसला लवकर पोचायचं होतं म्हणून मी खाली गेले नाही. मुलीला दूध देत होते तेव्हा हॉर्न ऐकू आला. काका कधी हॉर्न वाजवत नसत. हा सुरू झाला तो थांबेचना, एकाच सुरात. मी जिना उतरले.

व्हॅनच्या पुढच्या काचेआड धूर भरला होता. आतल्या वायरी वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या आणि हॉर्न त्यामुळे आपोआप वाजत होता. काकांनी पुढची चार मुलं बाहेर काढून फुटपाथवर ढकलली होती. पेटीवरची दोन मागे दप्तरांत अडकली होती. शेजारणीची दोघं. काका मागचं दार उघडून आत घुसले. आधी त्यांनी सिलिंडरची चावी बंद केली, मग धाकट्याला शर्टाच्या कॉलरला धरून ओढलं, मग मोठ्याला. वॉचमनने बागेतली माती फावड्याने डॅशबोर्डवर टाकली. कुणीतरी बॅटरीची वायर तोडली आणि हॉर्न थांबला. आग लागली नाही. सगळं मिळून तीन-चार मिनिटं. काकांच्या दोन्ही तळव्यांची कातडी भाजून सोलवटली होती, त्यांनी हात पाठीमागे धरले होते.

नंतर त्यांनीच सिलिंडर बाहेर काढून रस्त्याच्या कडेला उभा केला. लोकांनी त्याच्याभोवती मोकळी जागा सोडली. खालच्या अर्ध्या भागावर दव धरलेलं होतं.

शेजारीण दोन्ही मुलांना कमरेशी धरून उभी होती. ती रडत नव्हती. तिने सिलिंडरकडे बघितलं, मुलं मोजली, मग माझ्याकडे बघितलं.

"तुझी वर आहे ना?"

"हो. दूध पितेय."

"तू रोज त्या स्टिअरिंगखाली डोकं घालून बसायचीस."

मी म्हटलं, तार घालू नका म्हणून मी त्यांना रोज बजावत होते, फ्यूजही आणून दिले होते.

"मी तारेचं विचारत नाहीये. त्या पेटीत काय आहे ते तुला माहीत होतं का?"

"हो."

"कधीपासून?"

"नऊ दिवस."

तिने हिशेब करायला वेळ घेतला नाही. एवढंच म्हणाली, "म्हणजे आजीची हौस." आणि मुलांना घेऊन आत गेली. धाकट्याची एक चप्पल फाटकाशी पडली होती, ती मी उचलली. बेल वाजवावीशी वाटेना म्हणून तिच्या दारापाशी ठेवली.

काकांनी परत व्हॅन चालवली नाही. पोलिसांत कुणी गेलं नाही, मीसुद्धा नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा मी इमारतीत कळवलं की सकाळी माझ्या गाडीत चार मुलांची सोय होईल, दुपारचं बघू. दोन घरांनी आपली मुलं पाठवली. शेजारणीने पाठवली नाहीत. रात्रपाळी करून आली की ती कपडेही न बदलता स्कूटर काढायची. थोरला पुढे उभा, धाकटा मागे तिच्या कमरेला मिठी मारून. डुलकी येऊ नये म्हणून ती मोठ्याने पाढे म्हणायची आणि मुलांनाही म्हणायला लावायची. आम्ही एकाच वेळी निघायचो, एकाच रस्त्याने. सिग्नलला ती डोळे मिटायची, मी मागून बघायचे, आणि हिरवा लागला तरी हॉर्न द्यायचं मला धाडस व्हायचं नाही.