हातात दिलेला चाकू

परवा गाडीच्या डॅशबोर्डचा खण उघडला आणि मशीन ऑइलचा जुना वास आला, तसं उल्हासनगरच्या बाजारातलं ते हार्डवेअरचं दुकान आठवलं. दोन हजार सहा-सात साल असेल. बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं, बदलापूरच्या घरात बोलायला कोणी नव्हतं, म्हणून एका रविवारी मी गाडीत ठेवायला मल्टीटूल घ्यायला निघालो. गाडी घेऊन कुठे जाणार होतो, देव जाणे. शेजारच्या वर्कशॉपात पत्रा कापत होते, त्यावर आवाज चढवून म्हातारा सिंधी दुकानदार एकेक टूल उघडून दाखवत होता, एकातच पक्कड, करवत, स्क्रू ड्रायव्हर, चाकू. "ह्याची पक्कड ढिली आहे," "त्याचा चाकू जड उघडतो," असं म्हणत मी मुद्दाम वेळ काढला, कारण तो प्रत्येक वेळी उत्तर देत होता. शेवटी एक पसंत केलं. मी हात पुढे केला, तर त्याने ते उघडंच काचेवर ठेवलं. "हातात नाय द्यायचा साहेब, चाकू हाय. झगडा होतो." आमच्याकडेही हेच, बायको सुरी कधी हातात द्यायची नाही, ओट्यावर ठेवायची, आणि तरी आम्ही रोज भांडायचो. "हातातच द्या," मी म्हणालो. त्याने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि दिलं. घरी आलो, दिवा लावला, भांडायला कोणी आलं नाही. अजूनही खण उघडला की मी ते टूल काढतो, चाकू उघडतो आणि या हातातून त्या हातात देतो.