शब्बाथच्या घाईतली कॉपी

शुक्रवारी शब्बाथच्या जेवणाचे मासे तळल्याचा वास आला की इस्राएलात लोद शहरातली आमच्या कामगार संघटनेची कचेरी आठवते. कंत्राटदारानं हाकललेल्या सफाईवाल्या बायकांच्या तक्रारी आम्ही कॉम्प्युटरवर भरत होतो; सोमवारी कोर्टात द्यायच्या होत्या. त्या शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, आम्हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, लागायच्या घाईत मी डेटाबेस बंद न करताच फाइलची कॉपी घेतली. रविवारी डिस्क मेली. कॉपी चढवली, तर डेटाबेस उघडेना; फाइल अर्धी जुनी, अर्धी नवी. "मी टायपिंग करत होते नि तू कापी मारलीस? शाणाच आहेस!" टाइप करणारी मावशी कडाडली. मी पुटपुटलो, "स्लिखा, माफ कर, मावशी." नशीब, प्रत्येक बदल टिपणाऱ्या लॉग फाइली दुसऱ्या डिस्कवर होत्या. थकल्या डोळ्यांनी एकेक चढवली. संध्याकाळी डेटाबेस उघडला. शेवटची तक्रार खुद्द मावशीची निघाली. तिलाही त्याच कंत्राटदारानं हाकललं होतं. पत्रकांतून जगाला जाब विचारणाऱ्या मी तिला मात्र तिच्याबद्दल एकदाही काही विचारलं नव्हतं, याचा स्वतःवरचा राग अजून जात नाही.