लढाईवर गेलेल्यांचे पत्ते

अख्ख्या सातारा जिल्ह्यात मेलेल्या माणसांशी सगळ्यांत जास्त घरोबा असलेला जिवंत माणूस म्हणजे आमचे मामेसासरे. राहतात रहिमतपुरात. दुसऱ्या महायुद्धात गावोगावची जी पोरं बोटीत बसून गेली, त्यांतला कोण कुठल्या पलटणीत होता आणि कुठल्या वाळवंटात पडला, हे मामांना तोंडपाठ. माझं, म्हणजे सख्ख्या भाचीच्या नवऱ्याचं नाव मात्र दर भेटीला विचारतात.

लग्न असो की मयत, मामा एखाद्या म्हाताऱ्याला गाठणार आणि मांडीला मांडी लावून विचारणार, "पावणं, तुमच्यातलं लढाईवर कोण गेलतं?" त्यांच्या थोरल्यासाठी मुलगी बघायला आम्ही सांगलीकडे गेलो, तेव्हा गोठ्यातल्या म्हशीच्या गळ्यात घंटेशेजारी त्यांना एक पदक दिसलं. झालं. मुलगी चहा घेऊन आली, गेली. मामा आपले म्हशीच्या मानेशी. पदकावरचं नाव मुलीच्या पणजोबांचं निघालं. "मग आता इच्चारायचं काय राहिलंय?" म्हणून त्यांनी तिथल्या तिथं सुपारी फोडायला लावली. सून चांगली निघाली, हे आमचं नशीब. रोज संध्याकाळी मोबाइलवर परदेशातल्या अनोळखी लोकांशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलून तिकडच्या स्मारकांचे फोटो मागवायचे आणि ते घेऊन एसटीनं त्या त्या घरी जायचं, हा त्यांचा उद्योग. फोनवर काही सांगत नाहीत. "मयताचा निरोप असा देत्यात व्हय?" म्हणतात.

पण हा माणूस स्वतःच्या आजोबांचं नाव काढत नसे. आजोबा इटलीच्या लढाईवर गेले ते परतलेच नाहीत. त्यांनी तिकडं गोरी मड्डम केली, अशी गावभर आवई. मामांची आत्या तेव्हा पाळण्यात होती. पुढे नवरा गेल्यावर ती माहेरीच राहिली आणि आता ऐंशीच्या पुढं आहे. पितृपंधरवड्यात ती सगळ्या वाडवडलांना वाढायची, बापाला नाही. "त्याला मड्डम घालती की," म्हणायची. मामांच्या पोटात भीती एवढीच, की ती आवई खरी निघाली तर म्हातारीला कुठल्या तोंडानं सांगायचं? एकदा न राहवून मी बोललो, "मामा, जिल्ह्याचं निस्तरता, घरचं कोण बघणार?" त्यांनी विषय बदलला. पण शोध घेतला असावा.

कारण गेल्या वर्षी फोटो आला. तिकडं दहन झालेल्या हिंदी शिपायांची नावं असलेली भिंत, आणि तीत आजोबा. गेल्यावर वर्षाच्या आतच पडले होते. मड्डम-बिड्डम काही नाही. मामांनी माझ्यादेखत आत्याला समोर बसवून पलटण, बोट, डोंगर, नदी, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी आमीच त्यास्नी उपाशी ठिवलं रं."

आणि तिनंच पुढं विचारलं, "जेवायला काय आवडायचं त्यास्नी?"

मामांनी माझ्याकडं पाहिलं. हे सांगू शकेल असं जगात कुणी उरलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

त्या सर्वपित्रीला आत्या सकाळपासून चुलीपुढची हलली नाही. खीर, वडे, पुरण, गवारी, भोपळा, अळूवडी, वर झुणका आणि शेंगांची पोळी. आम्ही कुणी अडवलं नाही. बापाचं पान इतकं भरलं की चटणीला जागा उरली नाही.

"ज्ये आवडंल त्ये खातील," आत्या म्हणाली, आणि वडे जरा बाजूला सारून चटणीपुरती जागा करायला लागली.