पहिल्या घाण्यातला वडा

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून आमच्या आतोबांचा वडा न खाल्लेला माणूस कोणी मला दाखवला, तर मी खुशाल म्हणेन की तो एक तर अंगावर पिणारं मूल आहे, नाहीतर कालच्या एसटीने आलेला पाहुणा. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. एकोणीसशे नव्वदच्या सुमारास त्यांनी भाताची शेती भावांवर सोपवली आणि शहापूरच्या स्टँडबाहेर वड्याची गाडी लावली, तेव्हा "शेतकऱ्यानं काय तळण तळायचं?" म्हणून भाऊबंदांनी नाकं मुरडली. पुढे मुरबाडला दुसरी, धसईच्या बाजारात तिसरी आणि भातसानगरच्या वाटेवर चौथी गाडी लागली, तेव्हा तेच भाऊबंद आपले पाहुणे घेऊन फुकट वडे खायला येऊ लागले. एका पेंटरने हौसेने पाटीवर 'फास्ट फूड' असं रंगवून आणलं. आतोबांनी ते त्याच्याकडूनच पुसून घेतलं. "फास्ट ती आसनगावची लोकल. वडा त्याच्या टायमानं तळतो," म्हणाले.

धंदा कसा करू नये याचे जेवढे म्हणून प्रकार आहेत, ते सगळे करून आतोबांचा धंदा चालला. गिऱ्हाईक समोर आलं की पहिला प्रश्न, "जेवून आलास काय रे?" हो म्हटलं की वडा मिळायचा नाही. "भरल्या पोटी खाशील न् माझ्या वड्याला नावं ठेवशील. जा, भूक लागली का ये." भातसा धरणाच्या वसाहतीतले एक साहेब या उत्तराने लाल होऊन जीपमध्ये जाऊन बसले आणि संध्याकाळी निमूट परत आले. वड्यांची भाजी रोज पहाटे घरी तयार व्हायची आणि डबे एसटीने चारी गाड्यांना जायचे. आतोबा या डब्यांची चक्क तिकिटं काढत. डबे सीटवर ऐसपैस बसलेले आणि मालक दांडीला लटकलेले, हे दृश्य त्या रस्त्यावरच्या कंडक्टरांना सवयीचं झालं होतं.

पण खरी गंमत वेगळीच होती आणि ती आम्हां घरच्यांनाच ठाऊक होती. आतोबांना चव कळत नसे! लहानपणी मोठा ताप आला होता, त्यात त्यांची जीभ गेली ती गेलीच. मीठ आणि साखर त्यांना हाताला लागून कळायची, तोंडाला नाही. गिऱ्हाईकांसमोर मात्र डोळे मिटून वड्याचा तुकडा असा काही चघळायचे, की बघणाऱ्याने दोन वडे जास्त घ्यावेत. सगळा डोलारा उभा होता तो आत्याच्या जिभेवर. घरून डबे हलण्याआधी चुलीवर एक घाणा निघायचा, त्यातला पहिला वडा आत्याच्या हातात, आणि आतोबा समोर निकालाला आलेल्या विद्यार्थ्यासारखे उभे. आत्या एक घास घ्यायची. बोलायची काही नाही. वडा खाऊन संपवला तर पास, ओट्यावर ठेवून दिला तर नापास. एकदा धसईच्या बाजाराच्या दिवशीच वडा ओट्यावर गेला. आतोबांनी सगळी भाजी म्हशींना घातली आणि चारी गाड्या बंद ठेवल्या. माझे वडील हळहळले, तर म्हणाले, "बाजार काय, पुढल्या आठवड्याला परत भरंल. गेलेलं गिऱ्हाईक येत नाय." मुरबाडच्या एका कॉलेजने त्यांना यशस्वी उद्योजक म्हणून भाषणाला बोलावलं. यशाचं रहस्य काय, असं एका मुलीने विचारलं. आतोबा "बायको" म्हणाले आणि खाली बसले. हशा आणि टाळ्या. त्यांना विनोद करायचाच नव्हता, हे फक्त मला आणि शेजारी पदराने तोंड झाकून बसलेल्या आत्याला कळलं.

भातकापणीच्या दिवसांत आत्या गेली. तापाचं निमित्त झालं आणि आठवडाभरात सगळं आटोपलं. माझं बालपण जिच्या मांडीवर गेलं ती बाई गेली, हे लिहितानाही मला जड जातं. सुतकात कढई चढवायची नाही, ही आमच्याकडची रीत. चारी गाड्या बंद राहिल्या. गाड्यांवर काम करणारी माणसं डोंगरातल्या पाड्यांवरची, त्यांना आमचं सुतक लागायचं कारण नव्हतं. आतोबा त्यांना म्हणाले, "तुमी लावा गाड्या. तुमची पोटं हायत." त्यांतला एक जण म्हणाला, "आमाला बी आईच व्हती ती." कोणी गाडी लावली नाही. गावात मात्र कुजबुज सुरू झाली, की वडेवाल्याच्या गाड्या आता परत लागणार की नाही. आतोबांनाही तोच घोर होता, आता पहिला वडा चाखणार कोण? चार घरांच्या चुली त्या गाड्यांवर पेटत होत्या.

तेराव्याला बाईच्या माहेरच्यांनी तेल-पीठ घेऊन जायचं आणि आपल्या हाताने कढई चढवून दुखवटा काढायचा असतो. माझे वडील तेल घेऊन गेले, आईने बेसन नेलं. वडिलांनी कढई चुलीवर ठेवली आणि म्हणाले, "दाजी, वडेच काढा. तिला आवडायचे." आतोबांनी भाजी स्वतः कालवली, कोणाला हात लावू दिला नाही. घाणा निघाला. पानं मांडली गेली, गाड्यांवरच्या कामगारांसकट सगळी माणसं जेवायला बसली आणि खाली मान घालून वडे खाऊ लागली. दुखवट्याच्या अन्नाला नाव ठेवायचं नसतं.

आतोबा चुलीपाशी उकिडवे बसून एकेकाचं तोंड बघत होते. मग मला हाक मारली. "सगली खातात, पण कोन बोलत नाय. मीठ नाय ना गो पोरी?"

मी वडिलांकडे बघितलं. त्यांनी मान हलवून नको म्हणून खुणावलं. पण आत्याच्या घरात खोटं बोलायला माझी जीभ उचलेना. म्हटलं, "अळणी आहेत, आतोबा."

"बरा केलास, सांगितलास," म्हणाले. उरलेल्या भाजीत चिमूट चिमूट मीठ घालत गेले. दर चिमटीला मी चाखायचं आणि ते माझ्या तोंडाकडे बघायचे. मी बस म्हटलं तेव्हा त्यांनी नवा घाणा काढला आणि सगळ्यांच्या पानांत वाढला. चारी गाड्यांवरची ती माणसं पहिल्यांदा मान वर करून एकमेकांकडे बघायला लागली. उद्या गाड्या लागणार, हे त्यांना कळलं होतं.

मग आतोबांनी एका हातात आधीचा वडा घेतला, दुसऱ्या हातात आताचा. आधी एक खाल्ला, मग दुसरा. बराच वेळ चघळत राहिले.

"मला दोनी सारकंच लागतात गो," म्हणाले, आणि तेरा दिवसांत पहिल्यांदा ढसाढसा रडले.