खारूताई माफी मागणार नाही

शिशुवर्गाच्या बाईंना शाळेत सगळे हट्टी म्हणायचे, आणि बाईंना ते मनातून आवडायचं. जन्म लहान मुलांत काढायचा आणि हट्टाला नाकं मुरडायची, हे काही त्यांना पटत नसे.

त्यांच्या वर्गाची एक रीत होती. मुलं दारातल्या फळीवर बूट काढून ठेवत. मन ठीक असेल तर बुटांची टोकं दाराकडे. राग आला असेल, रडू येत असेल, तर टोकं भिंतीकडे. एवढुशा पोरांना मनातलं सांगता येत नाही, पण बूट फिरवता येतात. बाई आत शिरताना देवाला मनातच हात जोडत, फळीवर नजर टाकत, आणि भिंतीकडे वळलेल्या बुटांच्या धन्याला आधी जवळ घेत. मग हळूच एकेक शब्द पुढे करत. राग आलाय की भीती वाटतेय? की आईची आठवण येतेय?

वर्गातली खारूताई मात्र शब्दांच्या वाटेला जात नसे. तिचा सगळा भरवसा दातांवर, म्हणून तर हे नाव पडलेलं. दोघांना चावून झालं होतं. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बजावलं होतं, "आता चावली की तिचं नाव शाळेतून कमी. आणि ते बुटांचं खूळ बंद करा. संस्थेचे अध्यक्ष येताहेत. फळीवर रांग दिसली पाहिजे."

"बूट काही कवायतीला आलेले नाहीत," बाई म्हणाल्या.

"तोंड आवरा!"

"तेच तर पोरांना उघडायला शिकवतेय मी."

अध्यक्ष आले त्या सकाळी फळीवरचे सगळे बूट दाराकडे होते. खारूताईचेसुद्धा! बाईंचा जीव भांड्यात पडला. पोरगी गप्प होती, पण बूट सरळ होते ना, म्हणून बाई निर्धास्त राहिल्या. अध्यक्ष आत आले आणि मुलांमधून फिरू लागले. तेव्हा कुठे बाईंना खारूताईचे आवळलेले ओठ दिसले. त्या दारातल्या मावशींकडे वळल्या. वर्ग झाडायचं काम मावशींचं.

"मावशी, बुटांना हात लावलात?"

"लावला की! अर्धे भिंतीकडे तोंड करून बसलेले. पाहुण्यांपुढं बरं दिसतं का?"

"अहो, ते रुसलेलेच होते!"

"मला काय ठाऊक, बाई? माझ्या नवऱ्याचा रुसवा मला तो जेवायला नाही म्हणेपर्यंत कळत नाही."

तोवर अध्यक्षांनी वाकून खारूताईचा गाल धरला होता. "हस बघू, बाळ. हस!"

खारूताईने तो हात दोन्ही हातांनी पकडला आणि तोंडाशी नेला. मोठ्या बाईंच्या तोंडून "अगं, अगं!" निघालं. बाई धावणार होत्या, पण जागीच थांबल्या.

"खारूताई," त्या म्हणाल्या, "सांग त्यांना."

दात मनगटाला टेकले होते. तिने तोंड मागे घेतलं.

"मला राग आलाय!" खारूताई किंचाळली. "मला नाही हसायचं! गाल सोडा!"

अध्यक्षांनी गाल सोडला.

"माफी माग," मोठ्या बाई कडाडल्या. "आत्ताच्या आत्ता!"

"ती माफी मागणार नाही," बाई म्हणाल्या.

"पाहुण्यांवर ओरडली ती!"

"ओरडली. चावली नाही. नाव चावण्यावरून कमी होणार होतं, बोलण्यावरून नाही. आज देवाने तिला सुबुद्धी दिली. त्याचीच शिक्षा केलीत, तर उद्या ती पुन्हा दातच चालवेल. माझ्या वर्गात हे होऊ देणार नाही मी. हवं तर वर्ग काढून घ्या."

अध्यक्ष मनगट चोळत उभे राहिले.

"ऑफिसात या," मोठ्या बाई दातओठ खात म्हणाल्या.

"येते. आधी हिचं ऐकून घेते."

बाई पाहुण्यांकडे पाठ करून फरशीवर बसल्या. "कुणाचा राग आलाय गं?"

"आईचा. मी झोपले होते तेव्हा ती कामाला गेली. परगावी. मला सांगितलंच नाही."

"मग राग येणारच," बाई म्हणाल्या, आणि तिला मांडीवर घेतलं.

दारात मोठ्या बाई खाकरल्या. बाई उठल्या नाहीत.