डॉक्टरांनी नदीबद्दल विचारलं तेव्हा

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. केतकीजवळ नाही, आईजवळ नाही, आणि ज्याच्याशी बोलायला हवं त्या निनादजवळ तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखत असतात तर मी तुम्हाला आवडलो असतो. डब्लिनच्या आमच्या मंडळात गणपतीचं सगळं सामान माझ्या गाडीतून येतं, कुणाचे आईवडील विमानतळावर उतरणार असले की न्यायला मी जातो. भला माणूस म्हणून माझं नाव आहे.

राग तेवढा आहे. म्हणजे – राग हा शब्द जरा सभ्य झाला. राग सगळ्यांनाच येतो, माझा हात उठतो. लहानपणी ठाण्याच्या घरी तो निनादवर उठायचा. निनाद माझा धाकटा भाऊ. लग्नानंतर एकदा तो केतकीवर उठला, माझ्या बायकोवर. आमची ईरा तेव्हा रांगत होती. केतकी रडलीबिडली नाही. दुसऱ्या दिवशी भाजी चिरता चिरता म्हणाली, "पुन्हा कुणावरही हात उचललास तर मी ईराला घेऊन जाईन." 'माझ्यावर' म्हणाली नाही, 'कुणावरही' म्हणाली. ती बोलते ते करते. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरून घडलं.

गेल्या हिवाळ्यात इथल्या अंधाराला कंटाळून आम्ही श्रीलंकेला गेलो. निनादही आला. तो इथेच आयर्लंडमध्ये एमएससी करून ट्रली नावाच्या गावी नोकरीला लागला होता. एका सकाळी केतकी आणि ईरा बीचवर खेळत बसल्या आणि आम्ही दोघं भाऊ आतल्या एका गावी नदीत कयाक चालवायला गेलो. दोघांची एकच कयाक – तो पुढे, मी मागे. गाइड आपल्या कयाकमधून बराच पुढे गेलेला. गढूळ, संथ पाणी, दोन्ही काठांना भातशेती, काठाच्या चिखलात म्हशी. निनादने उकडतंय म्हणून लाइफ जॅकेट काढून पायाशी ठेवलं होतं.

वल्हवता वल्हवता, मागे वळूनही न बघता, तो म्हणाला, "दादा, वहिनी घाबरते रे तुला. माझ्याशी बोलली ती."

बस, एवढंच. अगदी हळू आवाजात, मला लागू नये असं. मला काय दिसलं माहितीये? माझी बायको माझ्या भावाला फोनवर माझ्याबद्दल सांगतेय, आणि तो ऐकून घेतोय. मी वल्हं उचललं आणि त्याच्या डोक्यात घातलं.

पहिला फटका कानाच्या वर बसला. तो वळला तेव्हा दुसरा भुवईवर, आणि कातडी फाटली. कयाक उलटली. पाणी छातीपर्यंतच होतं, सहज उभं राहता येत होतं. तो उभा राहायला लागला आणि मी त्याची मान धरून त्याला खाली दाबलं. त्याची नखं माझ्या मनगटात रुतत होती. तोंडातून बुडबुडे येत होते, पाय चिखलात झाडत होता. मी गुडघा त्याच्या पाठीवर टेकवला आणि आणखी दाबलं. तुम्ही म्हणाल, भान सुटलं असेल. भान होतं. गाइड अजून वळलेला नाही, हे मी मान वर करून पाहिलं होतं. तो वळून ओरडला तेव्हा मी सोडलं. निनाद वर आला आणि नाकातोंडातून ते तपकिरी पाणी ओकत राहिला. गाइडला मी म्हटलं, बोट उलटली.

आता केतकीला काय सांगायचं? मी ट्रिपमधून नदीच काढून टाकली. कयाकचा बेत रद्द केला, समुद्राच्या खडकांवर फिरत होतो, हा घसरून पडला – असं मी टॅक्सीत ठरवलं. निनाद खिडकीबाहेर बघत होता. "चालेल," म्हणाला. हॉटेलवर केतकीने त्याची भुवई डेटॉलने पुसली आणि त्यालाच रागावली, की बघून चालता येत नाही का.

परत येऊन आठवडा झाला असेल. निनादला सणकून ताप आला. आम्ही ट्रलीला पोचलो तोवर मित्रांनी त्याला हॉस्पिटलात दाखल केलं होतं. डोळे लालभडक झालेले. पोटऱ्यांना नर्सचा हात लागला तरी विव्हळत होता. मलेरिया, डेंग्यू, दोन्ही नव्हतं. मग डॉक्टर आल्या, पलंगाच्या कडेला टेकल्या आणि त्यांनी विचारलं, तिथे गोड्या पाण्यात उतरला होतात का? नदी, तळं, धबधबा, काहीही?

केतकी म्हणाली, "नो, ओन्ली द सी." तिला खरंच तसं वाटत होतं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

डॉक्टरांनी निनादलाही विचारलं. शुद्धीत होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "जस्ट द बीच."

मला माहीत नव्हतं असं समजू नका. मी ठाण्याचा आहे. पावसाच्या पाण्यातून चालून आलं की घरोघरी गोळ्या वाटायला माणसं यायची, लेप्टोचं नाव आमच्याकडे पोरासोरांना पाठ. उंदरांचं, गुरांचं मूत पाण्यात उतरतं आणि जखमेतून, तोंडातून आत जातं. तरी मी टॉयलेटमध्ये जाऊन फोनवर वाचलं. लाल डोळे. दुखऱ्या पोटऱ्या. लवकर औषध दिलं तर बरं होतं, हेही त्यात होतं. मी हात धुतले आणि बाहेर येऊन केतकीसाठी चहा घेतला.

वाक्य एकच होतं. आम्ही नदीत होतो. भांडणाचं बोलायची गरजच नव्हती, बोट उलटली म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण केतकी शेजारी बसली होती. तिने विचारलं असतं, मग खडकांचं का सांगितलंस? आणि ती भुवई? तिने निनादला विचारलं असतं, आणि तो तापात होता, काहीही बोलून गेला असता.

तो दिवस मी गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी तो पिवळा पडला. त्याची लघवी बंद झाली. खोकताना उशीवर रक्त पडलं आणि श्वासाचं मशीन आणायला माणसं धावली, तेव्हाही मी दाराशी गप्प उभा होतो. शेवटी डॉक्टरांनी आपल्याच अंदाजाने औषध सुरू केलं. तपासणीत लेप्टो निघाला. समुद्रात कसा होईल, असं केतकी विचारत राहिली. मी म्हटलं, हॉटेलच्या मागे उंदीर होते. तिने हॉटेलवर एक जळजळीत रिव्ह्यू लिहिला आणि मी तिचं इंग्रजी तपासून दिलं.

त्याचं डायलिसिस चालू असताना मी काचेतून बघत होतो. आई ठाण्याहून फोनवर देवाचं नाव घेत होती. आणि माझ्या मनात काय होतं? हा बोलायला उरला नाही, तर कुणालाच कधी कळणार नाही. हे वाक्य आलं, आणि मी ते हाकललं नाही.

एका सकाळी डॉक्टर बाहेर आल्या. म्हणाल्या, किडन्या काम करायला लागल्यात, तो वाचेल. केतकी माझ्या खांद्यावर डोकं टेकून हमसून रडली. मीही तिला जवळ घेतलं. मला आधी भीती वाटली. आनंद झाला, पण तो नंतर.